सूरजागडच्या पाण्याचा ताळेबंद

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगरावर 2016 साली लोहखनिजाचे उत्खनन सुरू झाले. 2023 मध्ये वार्षिक उत्पादन 30 लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत नेण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. रोजगार, स्वामित्वधन आणि नक्षलवाद यांची चर्चा पुष्कळ झाली. या डोंगराचे ओहोळ ज्या बांडिया नदीला मिळतात, तिच्या पाण्याची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी. वास्तविक या भागातील माडिया कुटुंबांचे पाणी, मासळी आणि भाताची शेती ही सारी ओढ्या-नदीवर अवलंबून. उन्हाळ्यात वाळूत झिरा खणून पाणी भरणाऱ्या बाईला प्रयोगशाळेचा अहवाल कोण वाचून दाखवणार?

बांडिया पुढे इंद्रावतीला मिळते. त्याच इंद्रावतीच्या खोऱ्यात, छत्तीसगडमधील बैलाडिला येथे 1968 पासून लोहखनिज निघत आहे. तेथील शंखिनी नदी खनिजाच्या बारीक चुऱ्याने लाल झाल्याचे सर्वश्रुत आहे. तथापि रंगावरून निवाडा करणे धोक्याचे होय. लाल गाळ मुख्यत्वे लोहाचा असतो. तो शेत बुजवतो, माशांची वीण बिघडवतो. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक हे खरे विषारी धातू असलेच, तर ते नितळ पाण्यातही असू शकतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये शिसे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा, तर कॅडमियम 0.003 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. इतके सूक्ष्म प्रमाण डोळ्याला वा जिभेला कळणे शक्य नाही.

म्हणूनच चाचणी हवी. पण ती कशी, हा कळीचा प्रश्न आहे. खाणीच्या वरच्या अंगाचा नमुना नसेल, तर खालच्या अंगाच्या आकड्याला अर्थ उरत नाही. पाण्याबरोबर तळाचा गाळही तपासला पाहिजे, कारण धातू तेथेच साचतात. ऋतूचा मुद्दा तर सर्वांत महत्त्वाचा. प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालासाठी सामान्यतः पावसाळा वगळून एका ऋतूची मोजणी पुरेशी मानली जाते, आणि ती करणाऱ्या सल्लागाराला मेहनताना प्रकल्पचालकच देतो. खाणीची माती वाहून येते ती नेमकी पावसाळ्यात! ज्या महिन्यांत खर्च होतो तेच महिने वगळून कोणताही कारकून जमाखर्च लिहीत नाही.

लोखंडाच्या टनाच्या भावात नदीचा ऱ्हास धरला जात नाही. तो बोजा खालच्या गावांवर पडतो. तो मोजण्याइतका पैसा जिल्ह्यातच आहे. 2015 च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान अस्तित्वात आले. जुन्या पट्ट्यांवर त्यासाठी स्वामित्वधनाच्या 30 टक्के रक्कम मिळते, आणि पिण्याचे पाणी व प्रदूषण नियंत्रण हे विषय या निधीच्या अग्रक्रमाच्या यादीत आहेत. त्यातून खाणचालकाशी संबंध नसलेल्या संस्थेकडून, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, दरमहा तपासणी करावी आणि निष्कर्ष ग्रामसभेत माडिया भाषेत सांगावेत.

प्रयोगशाळा दूर आहेत, पावसात रस्ते बंद होतात, ही सबब पुढे येईल. जंतूंच्या तपासणीपुरती ती खरी आहे. तो नमुना काही तासांतच पोचावा लागतो. धातूंसाठी घेतलेल्या बाटलीत थोडे नायट्रिक आम्ल घातले की, पारा वगळता बहुतेक धातूंचा नमुना सहा महिने टिकतो. एटापल्लीचा रस्ता त्याआधी खचितच मोकळा होतो.