नाण्याएवढा ठिपका, तीन सेकंद

१३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातल्या कर्नूलच्या मैदानावर डीआरडीओने ३० किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवली. ३० किलोवॅट म्हणजे घरातले २ किलोवॅटचे १५ गीझर एकदम लावले, तेवढी शक्ती. समजा झोत तीन सेकंद पडला. तेवढ्या उष्णतेत जेमतेम दोन कप चहाच्या पाण्याला आधण येईल. मग ड्रोन पडतं कसं?

ही सारी उष्णता नाण्याएवढ्या जागेवर पडते म्हणून. तिथला पंख मऊ होतो, भोक पडतं आणि समोरून येणारा वारा तो मोडून टाकतो. म्हणजे खरं कसब आहे ते ठिपका धरून ठेवण्यात. ताशी १०० किलोमीटरने जाणारं ड्रोन तीन सेकंदांत ८० मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. दोन-तीन किलोमीटरवरून त्याच्यासोबत सरकत राहायचं, तेही पंखाची तीच जागा न सोडता. ठिपका वीतभर घसरला की तापलेली जागा निवते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रडार लक्ष्य शोधतं, कॅमेरे त्याला धरून ठेवतात आणि झोत वळवणारा आरसा क्षणोक्षणी सावरला जातो.

मध्ये हवा आहे. उन्हात डांबरी रस्त्यावर लांबची गाडी थरथरताना दिसते. तीच थरथर झोतालाही भोवते. शिवाय झोत वाटेतली हवा स्वतःच तापवतो. ती विरळ होते आणि ठिपका फाकतो. त्यामुळे नुसती शक्ती वाढवून भागत नाही. धुकं, धूळ आणि पाऊस तर प्रकाश वाटेतच गिळतात.

तरीही या शस्त्रामागे लागणं मला योग्य वाटतं, ते खर्चामुळे. ब्रिटनने आपल्या ‘ड्रॅगनफायर’ लेझरच्या एका झोताचा खर्च १० पौंडांच्या आत सांगितला आहे. स्वस्त ड्रोनवर लाखो रुपयांची क्षेपणास्त्रं उधळणं कोणत्याच देशाला फार काळ परवडणार नाही.

पण लेझर एका वेळी एकच लक्ष्य जाळतो. तीन सेकंद जाळायला आणि दोन सेकंद पुढचा नेम धरायला लागले, तर तीस ड्रोनना अडीच मिनिटं हवीत. तेवढ्यात शेवटचं ड्रोन चार किलोमीटर आत आलेलं असेल. म्हणून तोफा आणि क्षेपणास्त्रं शेजारी लागतातच. त्यात यंत्राला दिलेल्या विजेतला साधारण तिसरा हिस्साच प्रकाश होतो. उरलेली उष्णता यंत्रातच साठते, ती सतत बाहेर काढावी लागते.

कर्नूलची चाचणी एप्रिलमधली. मला पाहायची आहे ती जुलैतली, कोकण किनाऱ्यावर, पावसाची झड लागलेली असताना.