प्रोटोटाइपशिवाय ऑब्जेक्ट: कधी आणि कशासाठी?

आजचा विषय छोटा आहे, पण चांगले प्रोग्रॅम इथे फसतात.

समजा, मानपाड्यातल्या कारागिरांसाठी एक पान केलंय. लोक शोधायचा शब्द टाइप करतात, तो किती वेळा आला ते आपण मोजतो. एक रिकामा ऑब्जेक्ट घेतला. शब्द नसेल तर शून्य धरायचं आणि १ मिळवायचा. सुतार, प्लंबर, गवंडी, सगळं बरोबर चालतं. मग कुणीतरी इंग्रजीत ‘कन्स्ट्रक्टर’ टाइप करतं आणि आकड्याच्या जागी एका फंक्शनचा मजकूर येतो, शेवटी १ चिकटलेला!

असं का? कारण तो ऑब्जेक्ट फक्त दिसायला रिकामा असतो. नाव त्याच्यापाशी नसेल, तर जावास्क्रिप्ट ते प्रोटोटाइपमध्ये शोधते. तिथे कन्स्ट्रक्टर, टू-स्ट्रिंग ही मंडळी आधीच बसलेली. ही नावं सगळी इंग्रजी. म्हणजे नुसते मराठी शब्द टाकून तपासलं, तर चूक दिसतच नाही.

उपाय २००९ च्या ईएस५ पासून आहे: ऑब्जेक्ट.क्रिएट(नल). यात प्रोटोटाइपच नसतो, म्हणून रिकामं म्हणजे खरंच रिकामं. अंडरस्कोअरवालं ‘प्रोटो’ हे नावही इथे साधं नाव होतं. हे महत्त्वाचं, कारण त्याच नावाच्या वाटेने बाहेरचा माणूस सगळ्या ऑब्जेक्टचा सामायिक प्रोटोटाइप बिघडवू शकतो. जेक्वेरीच्या ‘एक्स्टेंड’मधली अशीच फट २०१९ मध्ये, ३.४.० आवृत्तीत बुजवली गेली. नोडमध्ये क्वेरीस्ट्रिंग वाचून मिळणारा ऑब्जेक्टही प्रोटोटाइपशिवायच येतो.

पण सगळीकडे हे वापरू नका. टू-स्ट्रिंग नसल्यामुळे असा ऑब्जेक्ट टेम्प्लेट स्ट्रिंगमध्ये टाकला की टाइपएरर येते. तो दुसऱ्या लायब्ररीला दिला आणि तिने त्याच्यावर ‘हॅज-ओन-प्रॉपर्टी’ बोलावलं, तरी तेच.

मग २०१५ पासून मिळालेला मॅप? नोंदी सतत येत-जात असतील, त्यांची संख्या हवी असेल, तर मॅपच घ्या. मात्र मॅप थेट जेसनमध्ये उतरत नाही. हा ऑब्जेक्ट उतरतो. परत वाचताना मात्र सांभाळा, जेसन.पार्स पुन्हा प्रोटोटाइपवालाच ऑब्जेक्ट देतं.

थोडक्यात: नावं बाहेरून येणार असतील आणि ऑब्जेक्ट नुसती यादी असेल, तर प्रोटोटाइप नको. नावं तुम्हीच ठरवलेली असतील, तर साधा ऑब्जेक्ट पुरतो.

आणि हो, मानपाडा ठाण्यात घोडबंदर रोडला आहे, तसा डोंबिवलीतही आहे. नुसतं ‘मानपाडा’ लिहिलंत, तर एकाची नोंद दुसरा पुसेल. तिथे प्रोटोटाइप काढून भागत नाही. नावच पुरतं द्यावं लागतं.