पिवळा लाइट, लाल लाइट: जुन्या गाडीचं दुखणं नेमकं कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांना कोड नंबर लिहून घ्यायचेत, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' कमी केलेत.

आमच्याकडे अमरावतीला २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. बाबांची. डिसेंबरमध्ये तिच्या डॅशबोर्डवर पिवळा लाइट लागला, तोच इंजिनच्या आकाराचा. ॲव्हरेज १७ वरून १३ वर आलं. गॅरेजवाल्या दादाने मशीन लावलं आणि सांगितलं, "भाऊ, ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलून टाका, झंझटच नाही." ४,२०० रुपये दिले, लाइट गेला. आठ दिवसांनी परत हजर!

मग मार्चमध्ये बाबांना तपासणीसाठी अकोल्याला नेत होतो. मूर्तिजापूरला जॅममध्ये वीसेक मिनिटं अडकलो आणि थर्मामीटरचं चित्र असलेला लाल लाइट पेटला. बाबा ओरडले, "अबे थांबव गाडी!" थांबवली म्हणून इंजिन वाचलं. तशीच दामटली असती तर हेड गॅस्केट उडालं असतं, म्हणजे इंजिन खोलायचं काम. दहा वर्षं जुन्या गाडीसाठी तो खर्च म्हणजे सरळ 'गाडी विकू का?' हाच प्रश्न.

सेन्सर फक्त निरोप देतो

त्या रात्री मी ब्लूटूथवाला ईएलएम३२७ मागवला. हे छोटं यंत्र स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये लागतं आणि मोबाइलवर सगळं दाखवतं. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही पोर्ट असतो, एकदा खाली वाकून बघा.

मला दोन कोड मिळाले. पी०१७२, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. आणि पी०१२८, म्हणजे इंजिन हवं तेवढं गरमच होत नाहीये. वाचून डोकं गरगरलं. गाडी तापते म्हणून लाल लाइट लागला, आणि कोड म्हणतोय गाडी थंड आहे!

आता ऑक्सिजन सेन्सर काय करतो ते बघू. तो सायलेन्सरच्या पाइपात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसतो आणि धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजतो. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं की साधा सेन्सर ०.९ व्होल्टकडे जातो, कमी झालं की ०.१ कडे. गरम इंजिनवर हा आकडा सारखा वरखाली नाचला पाहिजे.

म्हणजे 'पेट्रोल जास्त' हे सेन्सरने सांगितलं, पण ते जास्त झालं कशामुळे, हे त्याला माहीत नाही. कोडिंग करणाऱ्यांना हे पटकन कळेल. एरर ज्या ओळीवर दिसतो, बग तिथेच असतो असं नाही. आम्ही ४,२०० रुपये देऊन निरोप्या बदलला, निरोप तोच राहिला.

मग पेट्रोल जास्त का?

मी लाइव्ह डेटा चालू ठेवून बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघालो. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची डांबरी लेन टाकून गिनीज रेकॉर्ड झाला होता, तोच हा रस्ता. गाडी सुसाट जाते, समोरून रेडिएटरला भरपूर वारा लागतो. कूलंटचं तापमान ६८ अंशांच्या वर जाईना. खरं तर ते ८५ ते ९५ च्या आसपास टिकायला हवं.

इंजिन थंड आहे असं दिसलं की ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो. जुन्या स्कूटरचा चोक ओढून अकोल्यापर्यंत जावं, तसं! त्यात ॲव्हरेज पडतं, सेन्सरवर काजळी धरते आणि पीयूसीतही अडचण येऊ शकते.

घरी येऊन बाबांना विचारलं, "गाडीचं याआधी काही काम केलं होतं का?" ते म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात तापत होती, तं त्यानं काहीतरी काढून टाकलं. थर्मास का काय ते."

थर्मास नाही राजेहो, थर्मोस्टॅट! इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा झडपेसारखा भाग. तो काढला की कूलंट सतत फिरतं, थंडीत महामार्गावर इंजिन गरम होत नाही. 'उन्हाळ्यात गाडी थंड राहते' म्हणून आपल्याकडे हा उपाय बिनधास्त करतात.

पण मुळात तापत का होती? त्याचं उत्तर आमच्या शेतात मिळालं. शेत दर्यापूरकडे आहे, म्हणजे खारपाण पट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेल्या या पट्ट्यातलं भूजल खारं. बाबा वर्षानुवर्षं बोअरचंच पाणी रेडिएटरमध्ये टाकत होते. क्षारांचा थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो, मीठ ॲल्युमिनियम खातं. सुसाट चालताना वारा हे झाकून घेतो, जॅममध्ये उघडं पडतं.

म्हणजे साखळी अशी: खारं पाणी, तुंबलेला रेडिएटर, तापणारी गाडी, काढलेला थर्मोस्टॅट, थंड इंजिन, जास्त पेट्रोल आणि शेवटी बिचारा सेन्सर.

तुम्ही काय कराल?

लाल लाइट लागला तर बाजूला घ्या, एसी बंद, इंजिन बंद. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनवर थंड पाणीही ओतू नका.

पिवळा लाइट स्थिर असेल तर हळू चालवत घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय. कन्व्हर्टर जळू शकतो, गाडी थांबवा.

थंड गाडीत कूलंटची बाटली बघा. पातळी कमी, रंग गंजका किंवा कडेला पांढरा थर असेल तर सुरुवात तिथूनच. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर गाडी चालूच करू नका, टो करून न्या.

स्कॅनर लावल्यावर आधी सगळ्या कोडचा स्क्रीनशॉट, 'क्लिअर' नंतर. सकाळी पहिल्यांदा स्विच ऑन केल्यावर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. उणे ४० दिसलं तर बहुतेक वायर किंवा कनेक्टर तुटलाय. पी०१३५ आला तर सेन्सरच्या हीटरची तक्रार आहे. आधी फ्यूज आणि वायर बघा, उंदरांनी कुरतडलेली असू शकते. सेन्सर खरंच जातातही, पण इंजिन गरम असून व्होल्टेज एकाच जागी अडकलंय आणि वायर ठीक आहे, एवढं बघूनच पैसे द्या.

आणि कूलंट फक्त बर्फाच्या प्रदेशासाठी नसतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि नीट दाब धरणारं झाकण असलं तर हीच मर्यादा १२० च्या पुढे जाते. आपल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात तेवढाच आधार.

आम्ही रेडिएटर बदलला, थर्मोस्टॅट परत बसवला. आता महामार्गावर आणि जॅममध्येही काटा ९० च्या आसपास, ॲव्हरेज १६. मेकॅनिक दादावर माझा राग नाही, त्याने कोड वाचला आणि उपाय केला. आपणही एवढंच विचारायचं: "दादा, सेन्सर काय सांगतोय ते कळलं, पण तसं होतंय कशामुळे?"

तुमच्या गाडीचा कोड व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या वेळी मिळून बघू. आणि बोअरचं पाणी कपाशीला ठेवा, रेडिएटरला नको!