‘संमतीने घटस्फोट’ : फाइल काय सांगते आणि काय सांगत नाही

परवा एका ज्युनियरने विचारलं, "ताई, आमच्या जिल्ह्यात संमतीने होणारे घटस्फोट वाढलेत का, हे बघायचंय. कोर्टातून आकडे काढले की झालं ना?" प्रश्न चांगला आहे, पण उत्तर लांबलं, म्हणून इथे लिहितेय. ‘संमती’ हा शब्द कोर्टाच्या कागदावर कसा येतो ते कळल्याशिवाय मोजायला बसलो, तर नेमकं काय मोजतोय हेच समजणार नाही.

आधी कायदा, थोडक्यात

हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण परस्पर संमतीचं कलम १३-ब त्यात १९७६ च्या दुरुस्तीने आलं. अटी तीन: किमान एक वर्ष वेगळं राहणं, एकत्र नांदणं शक्य न होणं आणि लग्न संपवायचं दोघांनी मिळून ठरवणं. दोघं संयुक्त अर्ज करतात. मग ६ महिन्यांनंतर, पण १८ महिन्यांच्या आत, पुन्हा कोर्टासमोर येऊन ‘आमचं तेच म्हणणं आहे’ असं सांगायचं.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे माहीत हवेत. सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश (१९९१) या निकालानुसार ‘वेगळं राहणं’ म्हणजे वेगळं घर असंच नाही. एका छपराखाली राहूनही नवरा-बायकोचं नातं उरलेलं नसू शकतं. शिवाय हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (२०१७) या निकालाने ६ महिन्यांची मुदत माफ करण्याचा अधिकार कोर्टाला दिला. पण त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, पोटगी आणि मुलांचा ताबा ठरलेला असावा आणि थांबण्याने त्रासच वाढणार असावा.

लहान शहरात हे घडतं कुठे?

मोठ्या शहरात आपल्या डोळ्यांसमोर कौटुंबिक न्यायालय येतं. १९८४ च्या कायद्यानुसार तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. आणि कोर्टाला समुपदेशक जोडलेले असतात. जिथे असं न्यायालय नाही, तिथे अर्ज दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) यांच्याकडे जातो. जमिनीच्या वाटणीचे दावे चालतात तेच हे कोर्ट. प्रकरण मध्यस्थीला पाठवता येतं, पण समुपदेशकाची तशी कायमची व्यवस्था नसते. त्यामुळे समजूत काढणं, घासाघीस, मसुदा, सगळं वकिलाच्या ऑफिसात येऊन पडतं. बाईला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

आता एक उदाहरण घेऊ. हे मी रचलेलं आहे. खऱ्या फाइलमधलं का देत नाही ते पुढे येईल.

लग्नाला चार वर्षं झालीत. मुलगी दोन वर्षं माहेरी आहे. तिने पोटगीचा अर्ज केलाय आणि छळाची फिर्यादही दिलीय (पूर्वीचं कलम ४९८-अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५). नवऱ्याने ती नांदायला यावी म्हणून दावा लावलाय. तारखांवर तारखा पडतात. एक दिवस दोन्ही वकील बाररूममध्ये चहा पिताना म्हणतात, "मिटवून टाकू." मुलीकडचे आठ लाख मागतात, मुलाकडचे तीन म्हणतात, पाचावर ठरतं. दागिने परत करायचे, अडीच लाख संयुक्त अर्जाच्या दिवशी, उरलेले अडीच शेवटच्या तारखेला डीडीने.

पैसे दोन हप्त्यांत का? कारण १९९१ चा तो निकाल. संमती मागे घेता येते, म्हणून कुणीच सगळं आधी हातचं सोडत नाही. त्यात फिर्यादीचा पेच वेगळाच. हा गुन्हा आपल्याकडे खालच्या कोर्टात तडजोडीने मिटवता येत नाही; खटला रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे बायकोचं प्रतिज्ञापत्र लागतं. नवऱ्याला आधी खटला संपायला हवा असतो, बायकोला आधी पैसे हातात हवे असतात. कोण कुणावर किती विश्वास ठेवणार, यावर खरी चर्चा चालते.

रॉबर्ट म्नूकिन आणि लुईस कॉर्नहाउझर यांनी १९७९ साली घटस्फोटावरच्या लेखात हेच मांडलं होतं: निकाल कोर्ट देत नसलं, तरी कोर्टात गेलो तर काय मिळेल याचा अंदाज बांधूनच लोक सौदा करतात. आपल्याकडे त्या अंदाजात तारखांची लांबण आणि माहेरच्यांची ऐपत हेही धरावं लागतं.

आणि फाइलमध्ये काय उरतं?

‘अर्जदार क्र. १ व २ यांचे स्वभाव न जुळल्याने एकत्र नांदणे अशक्य झाले. प्रस्तुत अर्ज कोणत्याही दबावाविना स्वखुशीने केला आहे.’ बस, एवढंच. अशा पाच फाइली वाचल्यात तर पाचही जोडपी सारखीच वाटतील.

‘दबाव नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात का असतं? कारण संमती बळजबरीने, फसवणुकीने किंवा गैरवाजवी प्रभावाखाली घेतलेली नाही, याची खात्री कोर्टाने करून घ्यावी असं कलम २३ सांगतं. म्हणजे ते वाक्य कायद्याची गरज भागवतं. संशोधक म्हणून आपण ते पुरावा म्हणून उचललं, तर वकिलाचा मसुदा आपण अर्जदाराचं मन समजून वाचला असं होईल.

तुमच्या प्रस्तावासाठी

एक: एकाच लग्नाच्या तीन-चार केसेस असू शकतात. एकतर्फी लावलेला दावाही नंतर संमतीचा होतो. नोंदीत ‘संमती’ दिसली म्हणजे भांडण नव्हतं असं नाही.

दोन: बरीच लग्नं नोंदीत येतच नाहीत. स्टँप पेपरवर फारकत लिहून, नोटरी करून लोक मोकळे होतात. कलम २९ रूढीने मिळणाऱ्या घटस्फोटाला जागा देतं, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. ती नसेल तर तो कागद लग्न मोडत नाही, आणि दुसरं लग्न केल्यावर त्याची झळ बहुतेक वेळा बाईलाच लागते.

तीन: कलम २२ नुसार हे कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्याबद्दलचा मजकूर छापणं हा दंडनीय गुन्हा आहे, परवानगीने छापलेले वरिष्ठ न्यायालयांचे निकाल तेवढे अपवाद. म्हणून वरचं उदाहरण रचलेलं. लहान शहरात नुसती नावं बदलून भागत नाही. ‘चार वर्षं, बँकेत नोकरी, एक मुलगी’ एवढ्यावर लोक ओळखतात. मुलाखतीची परवानगी दोघांकडून स्वतंत्रपणे घ्या, वकिलामार्फत नको.

संमती खोटीच असते, असं मला अजिबात म्हणायचं नाही. वर्षानुवर्षं एकमेकांवर आरोप करत बसण्यापेक्षा हा रस्ता पुष्कळ माणुसकीचा आहे, आणि सुटल्याचा आनंदही खरा असतो. फक्त ती संमती कशी घडत गेली ते शेवटच्या कागदावर दिसत नाही.

ज्युनियरने विषय बदललेला नाही. तिच्या तक्त्यात फक्त एक नवा रकाना आलाय: संयुक्त अर्जाच्या दिवशी याच जोडप्याच्या आणखी किती केसेस चालू होत्या?