पॉइंट रेज: १३ मिनिटांचा डाउनटाइम

आज आपण फिरायला जातोय कॅलिफोर्नियात, पॉइंट रेज नॅशनल सीशोअरला. सॅन फ्रान्सिस्कोपासून उत्तरेला गाडीने साधारण दीड तास. १९६२ पासून राखीव असलेला हा समुद्रकिनारा नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते. बे एरियात तुमची एखादी मैत्रीण, नाहीतर चुलत भाऊ असेलच. हा भाग त्यांना फॉरवर्ड करा.

इथे बघण्यासारखं खूप आहे. मी दोनच जागा सांगणार आहे, कारण त्या दोन्हींची गोष्ट एकच आहे.

पहिली जागा: बेअर व्हॅली व्हिजिटर सेंटरजवळचा अर्थक्वेक ट्रेल. जेमतेम एक किलोमीटरची सपाट वाट, आजी-आजोबासुद्धा आरामात चालतील. ही वाट सॅन अँड्रियास फॉल्टवरून जाते. फॉल्ट म्हणजे काय, तर जमिनीच्या दोन प्रचंड प्लेट्स जिथे एकमेकींना घासतात ती रेषा. पॉइंट रेजचं द्वीपकल्प पॅसिफिक प्लेटवर बसलंय आणि ती प्लेट वायव्येकडे सरकतेय. पण रेषेवरचे खडक एकमेकांत अडकून बसतात. मग रबर ताणावं तसा ताण वर्षानुवर्षं साठत जातो आणि एक दिवस सुटतो.

तो दिवस होता १८ एप्रिल १९०६. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला, सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं. या ट्रेलवर एक लाकडी कुंपण आहे. सरळ येतं, मधेच तुटतं आणि सुमारे १६ फूट बाजूला पुन्हा सुरू होतं. जमीन किती सरकली, ते हे कुंपण दाखवतं. पुस्तकातली आकृती बघून जे डोक्यात शिरत नाही ना, ते इथे एका नजरेत कळतं.

दुसरी जागा: दीपगृह. बेअर व्हॅलीहून गाडीने पाऊण तास. आपल्याला वाटतं, दीपगृह म्हणजे सगळ्यात उंच जागी. इथे उलटं आहे! कड्यावरून ३१३ पायऱ्या *खाली* उतरायचं. का? कारण इथलं धुकं बऱ्याचदा कड्याच्या माथ्यावर बसतं. दिवा वर ठेवला असता तर जहाजांना दिसलाच नसता. म्हणून १८७० साली तो धुक्याच्या खाली, कड्याच्या पोटात बसवला.

आतली भिंगं फ्रान्समध्ये घडवलेली. घड्याळासारख्या यंत्रावर ती फिरायची आणि दर पाच सेकंदांनी समुद्रावर एक झोत जायचा. तोच त्या दिव्याचा आयडी. खलाशी झोत मोजून ओळखायचे, की आपण कुठे आहोत. या यंत्राला रात्रभर, साधारण सव्वादोन तासांनी, हाताने चावी द्यावी लागे.

आता दोन्ही गोष्टी जोडू. त्या पहाटेच्या भूकंपात भिंगं रुळावरून घसरली. रोजच्या साफसफाईसाठी दिवा बंद व्हायची वेळ होती ५ वाजून २५ मिनिटं. रखवालदारांनी दिवसभरात दुरुस्ती केली आणि संध्याकाळी दिवा पुन्हा चालू. म्हणजे हिशेबाने दिवा चुकला फक्त १३ मिनिटं! मी सर्व्हर सांभाळणारा माणूस. आमचा डाउनटाइम झाला तर फार तर कुणाचं पेमेंट अडकतं. इथे खडकावर जहाज आपटलं असतं. तिथे उभं राहून मला सगळ्यात जास्त हेच जाणवलं: कुणाचं लक्षही जाणार नाही असं काम रोज नीट करणाऱ्यांमुळे माणसं जिवंत राहतात.

जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. प्रवेश फुकट आहे. दीपगृहाच्या पायऱ्या रोज उघड्या नसतात आणि वारा फार सुटला की बंद करतात, म्हणून आधी पार्कची वेबसाइट बघा. उन्हाळा असला तरी जॅकेट घ्याच. समुद्राकडे पाठ करून सेल्फी नको. अचानक मोठी लाट येते आणि माणसाला ओढून नेते. आणि हो, बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही. नकाशा आणि हा एपिसोड, दोन्ही निघण्याआधी डाउनलोड करून ठेवा!