भोकाचं नाणं लाखाचं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

नारायण पेठेत एखादा वाडा पाडायला निघाला की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. अशाच एका ट्रंकेतलं, मधोमध भोक असलेलं तांबूस नाणं परवा माझ्या हातात आलं. घरातले म्हणाले, "आपला भोकाचा पैसा."

तो हा नव्हे. आपला भोकाचा पैसा 1943 ते 1947 मधला, जेमतेम 21 मिलिमीटरचा. हे नाणं जवळपास 31 मिलिमीटरचं. भोकाभोवती हस्तिदंतांची नक्षी, आकडा 10 आणि इंग्रजीत 'ईस्ट आफ्रिका'. म्हणजे दहा सेंट, शिलिंगचा दहावा भाग. त्यावर 'इंड. इम्प.' आहे म्हणून ते भारताचं ठरत नाही. त्या अक्षरांचा अर्थ 'भारताचा सम्राट' एवढाच. भोकही ताईत करायला कुणी पाडलेलं नाही, ते टांकसाळीतलंच. तिकडे 1920 पर्यंत आपलाच रुपया चालत होता आणि रेल्वेत, दुकानांत, कचेऱ्यांत नोकरीसाठी इथली माणसं जात होती. परतताना खिशात उरलेली चिल्लर अशी ट्रंकेत राहिली.

खरा घोटाळा होतो राजाच्या नावावरून. साल 1936, नाव आठव्या एडवर्डचं. हा राजा वर्षभरही गादीवर टिकला नाही, डिसेंबरमध्ये त्याने राजत्याग केला. त्याच्या मुखवट्याची नाणी ब्रिटनमध्ये चलनात आलीच नाहीत. नमुन्यादाखल पाडलेलं एक सोन्याचं सॉव्हरिन 2020 मध्ये दहा लाख पौंडांना गेलं. ही बातमी वाचून लोक आपल्या नाण्याचा हिशोब मांडतात. पण भोकाच्या नाण्यावर चेहरा नसतोच. मुखवटा मंजूर व्हायची वाट न पाहता नुसतं नाव बदललं आणि नाणी भरपूर पाडली गेली. म्हणून ती आजही सहज मिळतात. झिजलेल्या नाण्याला शंभर-दोनशे रुपयांपलीकडे सहसा कुणी देत नाही. सालाजवळ 'एच' किंवा 'केएन' असेल तर ती बर्मिंगहॅमच्या टांकसाळींची खूण. अक्षर नसेल तर नाणं लंडनचं.

जुनं म्हणजे महाग, हे समीकरण चुकीचं आहे. किंमत ठरते ती किती नाणी उरली, कशा अवस्थेत उरली आणि ती कुणाला हवी आहेत यावर. चिंच लावून घासलेलं नाणं चकाकतं, पण जाणकार ते बाजूला सारतो. नाण्यावरचा काळसर थर तसाच राहू द्या.

आणि फोनवर कुणी लाखांचा भाव सांगून आधी कमिशन किंवा कर मागितला, तर एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि असं शुल्क कधीही मागत नाही.