वराहांमधील पी.आर.आर.एस. विषाणू : जनुकीय वैविध्य व उत्क्रांती

१) प्रस्तावना

लस उपलब्ध झाली की रोग आटोक्यात येतो, असा सर्वसाधारण समज आहे. 'पोर्साइन रिप्रॉडक्टिव्ह अँड रेस्पिरेटरी सिंड्रोम' अर्थात पी.आर.आर.एस. या वराहरोगाने तो अपुरा ठरविला आहे. या रोगात गाभण माद्यांचा गर्भपात होतो, मृत पिल्ले जन्मतात आणि लहान पिल्लांना श्वसनविकार जडतात. लसी असूनही हा रोग का टिकून आहे, याचे उत्तर विषाणूच्या उत्क्रांतीत शोधावे लागते. प्रस्तुत लेखात त्याचाच ऊहापोह केला आहे.

२) एक रोग, दोन विषाणू

हा रोग १९८७ मध्ये अमेरिकेत व १९९० मध्ये जर्मनीत आढळला. १९९१ मध्ये नेदरलँड्समधील लेलिस्टाड येथील संशोधकांनी त्याचा विषाणू वेगळा केला. पुढे अमेरिकेतील विषाणूशी तुलना करता दोहोंच्या जनुकसंचांत सुमारे ६० टक्केच साम्य आढळले. एवढी तफावत तीन-चार वर्षांत पडणे शक्य नाही. याचा अर्थ, रोग लक्षात येण्यापूर्वीच या दोन शाखा दीर्घकाळ स्वतंत्रपणे उत्क्रांत होत होत्या. आज त्यांची गणना दोन भिन्न प्रजातींत केली जाते.

३) वैविध्याची कारणे

या विषाणूचा जनुकसंच आर.एन.ए.चा असून त्यात सुमारे १५,००० न्यूक्लिओटाइड असतात. त्याची प्रत काढणाऱ्या विकराजवळ चुका दुरुस्त करण्याची सोय नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत उत्परिवर्तने साचत जातात. एकाच पेशीत दोन प्रकारचे विषाणू शिरल्यास त्यांच्या जनुकसंचांचे पुनर्संयोजनही घडते. शिवाय हा विषाणू रोगप्रतिकारक यंत्रणेच्याच भक्षकपेशींत वाढतो व वराहाच्या शरीरात अनेक आठवडे, प्रसंगी काही महिने टिकतो. या काळात प्रतिकारशक्तीला चकविणारे प्रकार आपोआप निवडले जातात.

४) चीनमधील उद्रेक व भारत

२००६ मध्ये चीनमध्ये झालेल्या तीव्र उद्रेकात २० लाखांहून अधिक वराह बाधित झाले व सुमारे ४ लाख दगावले. या विषाणूच्या एका प्रथिनात ३० अमिनो आम्ले गळालेली दिसली आणि तीव्रतेचे कारण तेच असावे, असे मानले गेले. मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून या बदलाचा तीव्रतेशी संबंध नसल्याचे दिसून आले. वंशावळ ओळखण्याची खूण आणि रोगाचे कारण यांत गल्लत करू नये, हा यातील बोध होय. भारतात या रोगाचा पहिला उद्रेक २०१३ मध्ये मिझोराममध्ये नोंदला गेला. तेथील विषाणू चीनमधील तीव्र प्रकाराशी निकटचे नाते सांगणारा होता.

५) लस व उत्क्रांती

या रोगावरील प्रचलित लसींपैकी अनेक लसींत सौम्य केलेला जिवंत विषाणू असतो. त्या हानी निश्चितच कमी करतात. परंतु सर्व प्रकारांपासून सारखे संरक्षण देत नाहीत. शिवाय लसीतील विषाणूही उत्क्रांतीच्या नियमांना अपवाद नाही. डेन्मार्कमध्ये १९९६ साली वापरलेल्या अमेरिकी प्रकारच्या लसीचा विषाणू लस न दिलेल्या कळपांत पसरला व त्याने पुन्हा रोगकारक रूप धारण केले. त्याच देशात २०१९ मध्ये दोन भिन्न लसींतील विषाणूंच्या पुनर्संयोजनातून नवा विषाणू उद्भवला. वीर्यासाठी नर वराह पाळणाऱ्या एका केंद्रात त्याचा शिरकाव झाला आणि तेथील वीर्यामार्फत तो अनेक कळपांत पोहोचला.

६) समारोप

वरील विवेचनावरून लसीकरण व जनुकीय सर्वेक्षण ही एकाच उपाययोजनेची दोन अंगे असल्याचे स्पष्ट होते. कळपात कोणता प्रकार फिरतो आहे हे जाणून घेतल्याविना लस निवडणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय. एकाच कळपात भिन्न जिवंत लसींचा वापर टाळणे, नव्या वराहांना काही काळ विलग ठेवणे, वीर्याची तपासणी करणे आणि विषाणूच्या जनुकक्रमाची नियमित नोंद ठेवणे ही पथ्ये त्यासाठी आवश्यक आहेत. ईशान्य भारतात अनेक कुटुंबांची उपजीविका वराहपालनावर अवलंबून असल्याने आपल्या देशातही या नोंदींचे मोल मोठे आहे.